सणाच्या दुसऱ्या दिवशी शेड रिकामं हवं: मराठवाड्यात सणासुदीला कोंबडी विकण्याचं गणित

आखाडाच्या शेवटच्या दिवशी चिकन सेंटरपुढं सकाळी सहापासून रांग असते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि तेच दुकान ओस पडतं. सणाचा नफा या दोन दिवसांच्या मधल्या रात्रीत ठरतो: शेडमध्ये किती पक्षी उरले, एवढ्यावर. भाव चढलेला असताना पक्षी दोनशे ग्रॅमनं कमी भरला तरी फारसं बिघडत नाही. पण भाव उतरल्यावर तीनशे पक्षी शेडमध्ये राहिले, तर आधीची सगळी कमाई तेच खाऊन टाकतात.

हे मार्गदर्शन स्वतःची पिल्लं, स्वतःचं खाद्य आणि स्वतःची विक्री असणाऱ्यांसाठी आहे: तीनशे ते दोन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड, परसातल्या किंवा मुक्त गोठ्यातल्या गावरान कोंबड्या, आणि फार्मला जोडून दुकान टाकलेले लोक. करार पद्धतीत पक्षी कंपनीचा असतो, तो परस्पर विकता येत नाही. त्यांनी फक्त उन्हाळा आणि पक्षी भरण्याचा भाग वाचावा.

पंचांग आधी, हॅचरीला फोन नंतर

मराठवाड्यात कोंबडीला मागणी आणणारे दिवस कोणते, हे आधी स्पष्ट असू द्या. सगळ्यात मोठा हंगाम आखाडाचा. आषाढ अमावास्येपर्यंतचा हा महिना, त्यात मरीआई, लक्ष्मीआई, म्हसोबाला कोंबडं देण्याचे मंगळवार-शुक्रवार आणि शेवटी गटारी. त्याच्या खालोखाल धुळवड. मग संक्रांतीची कर, पोळ्याची कर, दसऱ्यानंतरचे दिवस, ३१ डिसेंबर. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, जालना या शहरांत रमजानचा पूर्ण महिना आणि ईद हा वेगळा, मोठा बाजार आहे. उन्हाळ्यात हळदीची जेवणं, जावळं, कंदुरी (नवसाची मटणाची पंगत). कंदुरीला मुख्य मान बोकडाचा असला, तरी पंगत वाढली की चिकनची भर पडते आणि ही ऑर्डर आठ दिवस आधी हमखास कळते.

फसवणारे सणही ओळखून ठेवा. लातूर, धाराशिव, नांदेडकडं वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं, पण ते जेवण भज्जी, आंबील आणि उंड्यांचं. त्या दिवसासाठी पक्षी वाढवू नका. महालक्ष्म्यांना पुरण असतं. चंपाषष्ठीआधीचे खंडोबाच्या नवरात्राचे दिवस आणि मार्गशीर्षातले गुरुवार थंड जातात. महाशिवरात्र, एकादशी, संकष्टी यांची खूण कॅलेंडरवर लाल पेनानं करा. एरवी आठवड्यात रविवार, बुधवार, शुक्रवार चालतात. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात.

तारखा जुळवणं किती बारीक काम आहे, हे २०२६ च्या आखाडावरून दिसतं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आषाढ १५ जुलैला सुरू होतो आणि अमावास्या थेट १२ ऑगस्टला, बुधवारी येते. नेहमीच्या हिशोबानं कोणीही म्हणेल की आखाडाचे शेवटचे दोन रविवार पकडा, म्हणजे २ आणि ९ ऑगस्ट. पण २ ऑगस्टला संकष्टी आहे आणि ९ ऑगस्टला कामिका एकादशी. दोन्ही रविवार अर्धे गेले. मग खरी विक्री बुधवार ५, शुक्रवार ७ आणि शेवटी मंगळवार-बुधवार ११-१२ ऑगस्टला. ज्यानं सगळे पक्षी ९ तारखेच्या रविवारवर धरले, त्याच्याकडं सोमवारी निम्मे पक्षी असतील आणि हातात दोनच दिवस.

आता या तारखांवरून मागं मोजा. चांगल्या जातीचा ब्रॉयलर नीट सांभाळला तर ३८ ते ४० दिवसांत दोन-सव्वादोन किलोला जातो. म्हणून पहिली तुकडी २८ जूनला टाकायची, ती ५ ते ७ ऑगस्टला निघते. दुसरी ४ जुलैला, ती ११-१२ ऑगस्टला. दोन तुकड्यांमध्ये जाळीची आणि पडद्याची आड असू द्या, आणि रोजचं काम लहान पिल्लांकडून मोठ्यांकडं करा, उलट नको. मोठ्यांकडचा आजार बुटाला लागून लहानांकडं जातो.

गावरान कोंबड्या आणि वनराजा, गिरिराज, डीपी क्रॉस या सुधारित जाती यांना जास्त दिवस लागतात. डीपी क्रॉसचा नर ८० ते ९० दिवसांत सव्वा ते दीड किलो होतो, म्हणून गटारीसाठी पिल्लं १५ मेच्या आसपास यायला हवीत. अस्सल देशी कोंबड्याला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे आखाडाची तयारी फेब्रुवारीतच. कडकनाथलाही चार-पाच महिने धरा. मिश्र पिल्लं घेतली तर निम्म्या तलंगा (तरुण माद्या) निघतात. त्या सणाला विकू नका. नराला सणात भाव मिळतो, तलंग अंड्यावर आली की वर्षभर देते. छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथून पिल्लं हवी असतील तर नाव फार लवकर नोंदवावं लागतं, ऐन हंगामात जाऊन मिळत नाहीत.

मेमधली पिल्लं रात्रीच्या गाडीनं आणा. ४२ अंशांत दुपारी निघालेलं खोकं पोचेपर्यंत पिल्लांचे पाय सुकून दोरीसारखे होतात. आल्याबरोबर आधी पाणी, लिटरला चमचाभर गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट घालून, आणि दोन-तीन तासांनी खाद्य. बल्ब लावायचा की नाही हे दिवसा पिल्लांकडं बघून ठरवा. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजतेय. पंख पसरून, चोच उघडून भिंतीकडं पळत असतील तर बल्ब बंद.

एका पक्ष्याचा हिशोब

खालचे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या तालुक्याचे आजचे भाव घालून हीच मांडणी करा.

पिल्लू ४० रुपये. खाद्य ३.३ किलो, ४२ रुपयांनी १३९. लस-औषध ६. भुसा, वीज, मजुरी १२. झाले १९७. शंभरात पाच पक्षी मरतात असं धरून त्यांचा भार ५ रुपये. एकूण २०२ रुपये, पक्षी २.१ किलोचा. म्हणजे जिवंत किलोला ९६ रुपये पडले.

व्यापाऱ्यानं १०५ रुपयांनी उचलला तर पक्ष्यामागं १९ रुपये राहतात. तोच पक्षी स्वतः कापून विकला तर? कातडी काढून साफ केलेलं मांस साधारण ६५ टक्के भरतं, म्हणजे १.३६ किलो. मांसाचा किलो १४८ रुपयांना पडला. कापणारा, बर्फ, पिशवी, पाणी, घाण उचलणं मिळून किलोला १८ रुपये धरा, १६६ झाले. २१० रुपयांनी विकलं तर किलोला ४४, पक्ष्यामागं जवळपास ६० रुपये. कातडीसकट मागणाऱ्याला ७२ ते ७५ टक्के उतारा मिळतो, म्हणून त्याचा भाव वेगळा आणि कमी लावता येतो.

तिप्पट नफा दिसतो म्हणून सगळेच पक्षी किरकोळीत विकायचं ठरवू नका. अडतं ते हातांवर. सरावाचा माणूस कातडी काढून, तुकडे करून तासाला १५ ते १८ पक्षी देतो. सकाळी सहा ते बारा या सहा तासांत एका माणसाचे साधारण शंभर पक्षी. तीनशे विकायचे तर तीन कापणारे, एक वजन-पैशाला आणि एक पाणी-घाणीला लागतो. गटारीला गावातले सगळे कापणारे आधीच बांधलेले असतात, म्हणून पंधरा दिवस आधी उचल देऊन माणूस पक्का करा. जेवढे हात, तेवढीच किरकोळ विक्री. बाकीचे पक्षी व्यापाऱ्याला आधीच ठरवून द्या, सणाच्या दिवशी नव्हे.

आता उरलेल्या पक्ष्याचं बघा. ४० दिवसांचा ब्रॉयलर रोज १८० ग्रॅम खातो, साडेसात रुपयांचं खाद्य. त्यात तो ९० ग्रॅम वाढतो. श्रावणात भाव ८० वर आला तर त्या ९० ग्रॅमचे सात रुपये वीस पैसे होतात. म्हणजे त्याची वाढ रोजच्या खाद्याचा खर्चसुद्धा भरून काढत नाही. वर किलोला २० रुपये भाव पडला, तर २.२ किलोच्या तीनशे पक्ष्यांवर १३,२०० रुपये गेले. म्हणून गटारीच्या आदल्या दिवशी व्यापारी पाच रुपये कमी सांगत असेल, तर जास्तीचे पक्षी देऊन मोकळं व्हा. पाच रुपयांसाठी ताणून वीस घालवणं दर आखाडात घडतं.

कोणाला कोणता पक्षी

एकाच वजनाचे पक्षी सगळ्यांना विकायला गेलं की भाव पाडून मागतात. गिऱ्हाईक ओळखून पक्षी वेगळे काढा.

तंदुरीवाल्या हॉटेलाला सव्वा ते दीड किलोचा जिवंत पक्षी लागतो. तो ३० ते ३३ व्या दिवशी तयार असतो. त्या वेळी शेडमधले तीस टक्के पक्षी काढून दिले की उरलेल्यांना जागा मोकळी होते. मागं राहिलेले झपाट्यानं वाढतात आणि सणाच्या दिवशीची गर्दीही कमी होते. ही पहिली काढणी बरेच जण टाळतात, कारण लहान पक्षी विकणं त्यांना जिवावर येतं. पण हजार पक्ष्यांना १,२०० चौरस फुटांची जागा असेल तर शेवटचे आठ दिवस दाटीनं वाढ अडते, हे वजन करून बघितलं की पटतं. रमजानमध्येही याच वजनाला आणि बिर्याणीच्या तुकड्यांना मागणी असते, पण खरेदीची वेळ दुपारी तीन ते इफ्तारच्या आधीपर्यंत. सकाळी कापून ठेवलेलं चालत नाही. हलाल कापणारा माणूस ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळं गेल्या वर्षीच्या तारखांवर पिल्लं टाकू नका.

धुळवडीला आणि गटारीला घरगुती गिऱ्हाईक दोन-सव्वादोन किलोचा पक्षी पसंत करतं. हळदीच्या जेवणाला अडीच किलोचाही चालतो, कारण हाडाच्या मानानं मांस जास्त निघतं.

नवसाचा कोंबडा हा सगळ्यात वेगळा व्यवहार. इथं वजन काट्यावर कोणी घालत नाही, नगावर विकला जातो. गिऱ्हाईक आधी तुरा बघतं: उभा, लाल, कुठं फाटलेला नको. मग पाय उचलून नखं आणि आर (पायामागचा काटा) तपासतं. डोळा मिटका नको, शेपटीचं पीस तुटलेलं नको. कोणाला काळाच हवा असतो, कोणाला तांबडा. असे कोंबडे दोन महिने आधीच वेगळे काढा, कारण एकत्र ठेवलेले नर झुंजून एकमेकांचे तुरे फोडतात आणि फुटक्या तुऱ्याचा कोंबडा मग फक्त मांसाच्या भावानं जातो. चार-पाच तलंगांमागं एक नर असा गट ठेवला तर झुंज कमी होते.

गावरानच्या नावाखाली क्रॉस विकू नका. डीपी क्रॉस हाही चविष्ट पक्षी आहे, त्याला त्याच्या नावानं चांगला भाव मिळतो. पण अस्सल गावरान म्हणून नेलेला पक्षी लवकर शिजला की घरातल्या म्हाताऱ्या बाईला एका घासात कळतं, आणि ते घर पुन्हा येत नाही. दोन्ही ठेवा, दोन पाट्या लावा, दोन भाव लिहा.

आगाऊ नोंदणी

सणाच्या आठ-दहा दिवस आधी गावच्या आणि ओळखीच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच छोटा निरोप टाका. त्यात प्रकार, अंदाजे वजन, भाव, घेऊन जाण्याची वेळ आणि पक्ष्यामागं शंभर रुपये आगाऊ, एवढंच हवं. फोटो स्वतःच्या पक्ष्याचा असावा. उदाहरणार्थ: ‘डीपी क्रॉस कोंबडा, दीड किलोच्या आसपास, जिवंत किलोला अमुक रुपये, बुधवारी सकाळी ६ ते ८ किंवा ८ ते १०, वेळ कळवा.’

वेळ वाटून दिली नाही तर सगळे साडेआठला येतात, निम्मे कंटाळून शेजारच्या दुकानात जातात. आगाऊ पैसे न दिलेली नोंद ही नोंद धरू नका. तयार होणाऱ्या पक्ष्यांपैकी साठ टक्के नोंदणीत गेले असतील तर उरलेले दुकानावर आरामात जातात. चार दिवस आधी नोंदणी तीस टक्क्यांवरच असेल, तर त्याच दिवशी व्यापाऱ्याशी बोला, वाट बघू नका.

भाव पाटीवर लिहा आणि दिवसभर तोच ठेवा. सकाळी २१० आणि गर्दी वाढली म्हणून दहाला २४० केले, तर सकाळी घेऊन गेलेला आणि दहाला आलेला दोघं एकाच गल्लीतले असतात. उधारी सणाच्या दिवशी अजिबात नको. त्या गर्दीत लिहिलेली उधारी श्रावण संपेपर्यंत वसूल होत नाही आणि नाव न लिहिलेली तर होतच नाही.

पावसाळी शेड, उन्हाळी शेड

आखाडाचा पक्षी पावसाळ्यात वाढतो. गादी (शेडच्या जमिनीवर अंथरलेला भुसा) ओली झाली की अमोनियाचा वास, डोळ्यांतून पाणी आणि रक्ती हगवण, हे तिन्ही मागोमाग येतात. मुठीत गादी दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओली आहे. भाताचं तूस आपल्याकडं सहज मिळत नाही, लाकडी भुसा किंवा भुईमुगाची टरफलं चालतात. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढा, चुना मिसळून सकाळी उकरा. पडदे पाऊस लागेल त्याच बाजूला सोडा. चारी बाजूंनी बंद केलं की वास आत कोंडतो. मका बुरशीचा घेऊ नका. दाण्याचा कोंब काळपट आणि वास कुबट असेल तर स्वस्त मिळाला तरी परत करा.

लसी चुकवू नका: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची लस), बारा ते चौदाव्या दिवसांत गंबोरो रोगाची लस, एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला लासोटा पुन्हा. वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकाकडून पक्कं करून घ्या. विक्री जवळ आल्यावर वजन वाढावं म्हणून प्रतिजैविकं देऊ नका. आजारासाठी दिली असतील तर औषधाच्या बाटलीवर लिहिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्षी विकायचा नाही. हे मांस आपल्याच गावातली लेकरं खाणार आहेत.

धुळवड, रमजान ईद आणि लग्नसराईचा पक्षी उन्हात वाढतो. मार्चच्या मध्यापासून पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट अंथरा, जमलं तर वरून चुना मारा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्याची भांडी वर उचला. भर दुपारी खाल्लेला पक्षी पचनाच्या उष्णतेनंच मरतो, आणि मरणारे नेमके सगळ्यात जड, विक्रीला आलेले असतात. खाद्य पहाटे आणि रात्री दिवा लावून द्या. पाणी हजार मोठ्या पक्ष्यांना एरवी ३५० ते ४०० लिटर लागतं, उन्हाळ्यात ६०० च्या पुढं जातं. कापण्या-धुण्याचं पाणी वेगळं. टँकरवर अवलंबून असाल तर सणाच्या दोन दिवस आधी टाकी भरून ठेवा. त्या दिवशी टँकर सगळ्यांनाच हवा असतो. टाकी सावलीत हवी, कारण तापलेलं पाणी पक्षी पीत नाही.

पक्षी धरणं, भरणं, मोजणं

भरण्याआधी सहा ते आठ तास खाद्य बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू. खाद्य बंद केलं नाही तर कापताना आतडं फुटून मांस घाण होतं. बारा तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवलं तर आतडं पातळ होऊन तेही फुटतं आणि वजनही जातं.

पक्षी रात्री, निळ्या किंवा मंद उजेडात धरा. दोन्ही पाय एकत्र, एका हातात तीनपेक्षा जास्त नको. पंखाला धरून उचललेल्या पक्ष्याच्या पंखाखाली काळंनिळं रक्त साकळतं, गिऱ्हाईक तो तुकडा बाजूला सारतं. क्रेटमध्ये थंडीत दोन किलोचे १० ते १२ पक्षी, मार्चनंतर ८. गाडी पहाटेच्या आत पोचेल अशी काढा. वाटेत चहाला गाडी उन्हात उभी राहिली, तर मधल्या ओळीतले क्रेट आधी मरतात, कारण तिथं वारा पोचत नाही.

व्यापाऱ्याला देताना काट्यावर स्वतः उभं राहा. काटा सपाट जागी आहे का, वैधमापनाचा शिक्का आहे का ते बघा. मोठी गळती क्रेटच्या वजनात होते. व्यापारी कोरड्या क्रेटचं वजन एकदा धरतो आणि तेच सगळ्यांना वजा करतो, इथपर्यंत ठीक. पण कधी उलटही होतं: आधीच्या गावाहून आलेले, विष्ठा चिकटलेले ओले क्रेट रिकामे तोलले जातात आणि भरताना त्यातलं पाणी निथळलेलं असतं. क्रेटमागं पाव किलो धरला तरी पन्नास क्रेटला साडेबारा किलो गेले. म्हणून क्रेट भरण्याच्या क्षणी रिकामे तोला, दहा-दहाचे गठ्ठे करून, आणि आकडे दोघांच्या वहीत लिहा. बाहेरून आलेले क्रेट शेडच्या दारात आणू देऊ नका. जंतुनाशकानं धुऊन गेटपाशीच ठेवायचे. राणीखेतचा शिरकाव बऱ्याचदा याच क्रेटवरून होतो.

आठवडी बाजारात किंवा जत्रेत न विकलेला पक्षी परत शेडमध्ये सोडायचा नाही, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. दहा गावांच्या कोंबड्यांमध्ये दिवसभर बसलेला तो पक्षी आठ दिवसांत सगळं शेड आजारी पाडू शकतो. संध्याकाळी उतरत्या भावानं विकून टाका, कापून हॉटेलला द्या, नाहीतर तीन आठवडे लांबच्या खोलीत वेगळा ठेवा.

कापण्याची जागा

दुकानाला अन्न सुरक्षा नोंदणी आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी हवी. महापालिका-नगरपालिका काही दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरात १५ ऑगस्टला असाच बंद होता. सणाच्या आठवडाभर आधी आपल्या पालिकेत विचारून घ्या.

जिवंत पक्षी आणि कापलेलं मांस यांत आडोसा असू द्या. गावरानाची पिसं काढायला पाणी ६० ते ६२ अंश, एक ते दीड मिनिट. उकळतं पाणी वापरलं तर कातडी शिजून फाटते, आणि गावरान घेणाऱ्याला कातडी भाजलेली पण अखंड हवी असते. कापलेलं मांस उघड्यावर टांगून ठेवू नका. मार्चनंतर बर्फाच्या पेटीत, बर्फ वर-खाली आणि मांस मध्ये. कलेजी-पेटा वेगळा तोला. तो फुकटात टाकण्याऐवजी पाव किलोच्या पिशव्या करा, खानावळी आनंदानं नेतात. पिसं-आतडी दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुन्याच्या थराखाली गाडा, विहिरीपासून लांब. नाल्यात टाकलेली घाण कुत्री गावभर नेतात, आणि गाव बिथरलं की दुकान बंद पडतं.

अफवा आणि बर्ड फ्लू

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निष्पन्न झाला आणि आजार नसलेल्या तालुक्यांतही चिकनची विक्री बसली. २०२० मध्ये धुळवडीच्या तोंडावर कोरोनाच्या अफवेनं तेच केलं. असं पुन्हा होऊ शकतं, म्हणून एका सणावर घरातला सगळा पैसा लावू नका. दोन तुकड्या आणि दोन प्रकारचे पक्षी ठेवण्याचं हेही कारण.

आपल्या शेडमध्ये अचानक मरतूक वाढली, तुरा-लोंब निळी पडली, तर एकही पक्षी विकायचा नाही, मेलेले उघड्यावर टाकायचे नाहीत, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. सरकारी आदेशानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. लपवून ठेवल्यानं मेलेल्यांची मिळत नाही. आजार लांब असेल आणि गिऱ्हाईक नुसतं घाबरलं असेल, तर खरं सांगा: ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, आपल्या रश्श्याला तर त्याहून जास्त उकळी असते.

गटारीनंतर

१२ ऑगस्टच्या संध्याकाळी वहीत चार आकडे लिहून ठेवा: किती पक्षी नोंदणीत गेले, किती दुकानावर, किती व्यापाऱ्याला, आणि किती वाजता माल संपला. सकाळी दहालाच संपला असेल तर पुढच्या वर्षी दुसरी तुकडी मोठी टाकता येईल. दुपारी तीनपर्यंत रेंगाळला असेल तर तेवढीच पुरे.

चार-दोन पक्षी उरले तर घरी आणि मजुरांच्या घरी द्या. गादी काढून हळद किंवा भाजीपाला लावणाऱ्याला खत म्हणून विका. शेड धुऊन, भिंतींना चुना मारून, पडदे वर करून किमान पंधरा दिवस रिकामं ठेवा. श्रावण, मग गणपती, मग ११ ऑक्टोबरपासून घट. मागणी मंदच असते, घाई करायचं कारण नाही. दसरा २० ऑक्टोबरला आहे. घट उठल्यावर नऊ दिवसांचे उपास सुटलेली घरं बुधवारी २१ तारखेला बाजारात येतात. त्या दिवसासाठी पिल्लं १२ सप्टेंबरला शेडमध्ये हवीत, म्हणजे हॅचरीला फोन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.